टिकलीखालचा पिवळा दिवा

मी एक जुना दिवा आहे. पण मित्रांनो, दिवा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो येतो, तो मी नव्हे. मला वात नाही, तेल नाही, आणि माझ्या उजेडात कोणाला अभ्यासही करता यायचा नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढा माझा जीव. एका जुन्या गाडीत, स्टिअरिंगच्या मागे जिथे वेगाचा काटा फिरतो, तिथल्या कोपऱ्यात मी राहतो. गिअरबॉक्सचं काही बिनसलं की पिवळं होऊन चालकाला सांगायचं, एवढंच माझं काम. काय बिनसलं, ते मलाही कळत नाही. वायरीतून हुकूम येतो, 'पेट', की मी पेटतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या शेजारी माझी भावंडं बसवली गेली: पेट्रोलचा दिवा, ब्रेकचा दिवा, सीटच्या पट्ट्याचा दिवा. गाडीची किल्ली फिरवली की आम्ही सगळे क्षणभर एकदम पेटतो आणि विझतो. तुम्ही वर्गात 'हजर' म्हणता ना, तशीच ही आमची हजेरी. 'आम्ही जिवंत आहोत, बाकी सगळं ठीक आहे,' एवढं सांगून आम्ही गप्प बसतो.

माझी पहिली मालकीण नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई. आमची गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे तिला क्लच नाही. गिअर ती आपले आपण बदलते आणि चालवणाऱ्याचा डावा पाय नुसता बसून असतो. बाईंकडे हजेरीपलीकडे मला कधी काम पडलं नाही. खोटं कशाला बोलू, मला जरा कंटाळाच आला होता. पेट्रोलचा दिवा मात्र वरचेवर पेटायचा आणि त्याचं सगळ्यांना लगेच पटायचं. त्यावरून तो मला फार चिडवत असे.

मग बाईंनी नवी गाडी घेतली, आणि आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर देवीलालकाकांच्या दारी आलो.

देवीलालकाकांनी उमेदीची सगळी वर्षं दारव्ह्याच्या रस्त्यावर प्रवाशांची जीप चालवली होती. पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून त्यांचा डावा पाय अधू झाला. क्लच दाबवेना, म्हणून जीप सुटली. दिवसभर बाजेवर बसून ते रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि कोणती गाडी कोणाची ते सांगायचे. त्यांचा मुलगा शाम यवतमाळला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. बापाची ही दशा त्याला पाहवेना. कोणीतरी त्याला सांगितलं, की एका उजव्या पायावर चालणारीही गाडी असते. तीच आमची गाडी. पहिल्या दिवशी काका फाट्यापर्यंत गेले, वळले, परत आले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मी समोरच होतो. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

एसटी फक्त फाट्यापर्यंत येते. तिथवर चालत जायचं म्हणून तांड्यावरच्या पोरी दहावीनंतर घरीच बसत. काका त्यांना रोज दारव्ह्याला कॉलेजात सोडू लागले. शेजारची खुशी तर आता बारावीला पोचली. पुढच्या सीटवर वांगी-मेथीची टोपली मांडीवर घेऊन धनीकाकी बसतात, काकांच्या घरधनीण. त्या दारव्ह्याला भाजी विकतात आणि दुपारी त्याच गाडीने परततात. गाडीत इतकं हसणं-बोलणं मी नागपूरला कधी ऐकलं नव्हतं.

आता माझ्या वाईट दिवसांबद्दल सांगतो.

दिवाळीनंतर काकांचा कापूस घरी आला. भाव चढेपर्यंत तो पत्र्याच्या पडवीत रचून ठेवला. आमची गाडीही त्याच पडवीत उभी राहायची. थंडी वाढली तसं काका संध्याकाळी गाडीचं तोंड हळूच कापसाच्या ढिगात खुपसू लागले. काकी हसल्या, तर म्हणाले, "तिले बी थंडी वाजत असन नं वं!" माणसाने गाडीवर एवढा जीव लावलेला मी दुसरा पाहिला नाही.

एका सकाळी हजेरी झाली, सगळे दिवे विझले, आणि मला हुकूम आला. मी पेटलो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून घुरघुरत चालू लागली. काका घाबरले. पण दारव्हा येईपर्यंत हुकूम सुटला आणि मी विझलो. पुढे दोन-चार दिवस काहीच नाही, मग एका सकाळी पुन्हा तेच. काका तीन गॅरेजांत गेले, पण दर वेळी मी गप्पच होतो. एकाने ऑइल बदललं. दुसऱ्याने गिअरबॉक्सच गेला म्हणून सांगितलं. तिसरा म्हणाला, "दिवाच खराब हाय, काका. झूठ बोलून राह्यला. वरून पट्टी लावून टाका."

मित्रांनो, मी खोटारडा! मला किती लागलं म्हणून सांगू! पेट्रोलचा दिवासुद्धा त्या दिवशी मला चिडवायचं विसरला.

काकांची नजर रस्त्यावर कमी आणि माझ्यावर जास्त राहू लागली. त्यांना जेवण गोड लागेना. धनीकाकींनी हे पाहिलं आणि एक दिवस आपल्या कपाळावरची टिकली काढून माझ्यावर चिकटवली. "आता नाई दिसत नं? मंग जेवा," त्या म्हणाल्या. मी अंधारात गेलो. मला राग यायला हवा होता, पण आपल्या कपाळावरचं काढून दिलेल्या बाईवर रागावणार तरी कसं?

टिकली लावली तरी हुकूम येतच राहिला. एका सकाळी फाट्यापुढच्या चढावर गाडी ओढेना. मागे ट्रकांची रांग लागली, कर्णे वाजू लागले. पोरी खाली उतरून चढ चढल्या आणि खुशीचा पहिला तास बुडाला. ही गोष्ट शामच्या कानावर गेली आणि शनिवारी तो तांड्यावर आला.

"बा, गाडी इकून टाकू," तो म्हणाला. "एक जन उद्या दुपारी पाह्याले येऊन राह्यला."

"इकू नको, शाम. ही गेली तं मी पुन्हा बाजंवर."

"अन् पोरी बसून असतानी वाटंत बंद पडली तं? तुह्या पायानं तू कोनाले वाचवशीन? मले झोप येत नाई, बा." गाडी शोधून आणणाराही शामच आणि विकायला निघालेलाही तोच. दोन्ही वेळा त्याच्या पोटात मायाच होती.

काकांनी एका दिवसाची मुदत मागितली. त्याच दिवशी ते काकींना घेऊन यवतमाळला पंजाबरावांच्या गॅरेजात गेले. पंजाबरावांनी गाडीला यंत्र जोडलं, वायरी तपासल्या, गाडी फिरवून आणली. मी अर्थातच विझलेला होतो.

"यंत्र गिअरच्या वायरीत गडबड सांगून राह्यलं," ते म्हणाले, "पन वायर तं इथं कोरडीठाक, चोख हाय. कवा कवा लागते हा दिवा?"

"कवाबी लागते, जी. त्याच्या मनाले येईन तवा," काका म्हणाले.

"कवाबी कसा?" धनीकाकी पुढे आल्या. "सकाळी घरून निघतानी लागते. दारव्ह्याहून वापस येतानी एक डाव नाई लागला. टिकलीच्या कडेनं उजेड दिसते नं मले."

"कोन्ती टिकली?" पंजाबरावांनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बाप्पा! बिमार मानसाच्या तोंडावर हात कायले ठेवला, काकी?" त्यांनी नखाने टिकली काढली. काकी पदर तोंडाला लावून हसल्या. मला मात्र कितीतरी दिवसांनी उजेड दिसला.

"दिवा घरीच लागते म्हनता, तं मंग मलेच घरी या लागन," पंजाबराव म्हणाले. "आज दारव्ह्याले बहिनीकडं मुक्काम हाय. सकाळी येतो. मी येईपरेंत गाडीले हात लावू नका."

रविवारची सकाळ उजाडली ती दवाने ओली होऊनच. पत्र्यावरून थेंब ओघळून बोनटच्या फटीत टपटपत होते. पंजाबराव मोटरसायकलवरून उतरले. काका, काकी, शाम, खुशी, सगळे गाडीभोवती उभे राहिले. काकांनी किल्ली फिरवली. हजेरी झाली. भावंडं विझली, पण मी पेटलेलाच राहिलो. माझ्या पेटण्याचा आनंद झालेला पहिला माणूस म्हणजे पंजाबराव.

"घावला!" म्हणत त्यांनी बोनट उघडलं, बॅटरीच्या मागे खोल हात घातला आणि मूठभर ओला कापूस बाहेर काढला. त्यामागून आणखी एक मूठ निघाली, आणि शेवटी उंदराची इवलीशी गुलाबी पिल्लं. ढिगातला कापूस नेऊन उंदरीण गिअरबॉक्सच्या वायरींवर राहायला आली होती. वायरींचं साल तिने कुरतडलं होतं. दव पडलं की थेंबांनी कापूस भिजायचा आणि उघड्या वायरी ओल्या कापसात एकमेकींना भेटायच्या. गाडी चालून इंजिन तापलं की कापूस सुकायचा आणि दारव्हा येईपर्यंत आजार पळालेला असायचा. ज्या सकाळी दव नाही, त्या सकाळी मीही नाही.

शामला तरी पुरतं पटेना. "आज गेला, अन् उद्या पुन्हा लागला तं?"

पंजाबरावांनी खुशीला चालकाच्या जागी बसवलं. वायरी पुसून कोरड्या केल्या आणि किल्ली फिरवायला लावली. "लागला का?"

"नाई लागला!" खुशी ओरडली.

त्यांनी ओल्या कापसाचा बोळा पुन्हा वायरींवर दाबला. "आता?"

"लागला! लागला!"

बोळा काढला, वायरी पुसल्या, किल्ली फिरवली. मी विझलो. बोळा ठेवला. मी पेटलो. मित्रांनो, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या आणि मी प्रत्येक वेळी खरं तेच सांगत होतो. आयुष्यात माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्या सकाळी शाम माझ्याकडे पाहून हसला, ते मला टाळ्यांपेक्षा मोठं वाटलं.

पंजाबरावांनी वायरी नवीन केल्या आणि त्यांवर जाड नळी चढवली. देवीलालकाका मात्र खाली मान घालून उभे होते. "मंजे मीच हिले कापसात खुपसून बिमार पाडलं?"

"मायेनंच केलं नं, काका," पंजाबराव हात पुसत म्हणाले. "पन माया लावली का आंदर बी डोकावून पाहा लागते."

पिल्लं पाहून शाम आईला म्हणाला, "याडी, याईनंच आपली गाडी खाल्ली."

"खाल्ली नाई रे, बिऱ्हाड केलं," काकी म्हणाल्या आणि कापसासकट पिल्लांना जुन्या टोपलीत घालून बांधावर ठेवून आल्या. तेवढ्यात शामने फोन लावला होता. "भाऊ, येऊ नका. बाची गाडी इकाची नाई." फोन खिशात ठेवून तो बापाजवळ जाऊन उभा राहिला.

आता गाडी मोकळ्या अंगणात उभी असते आणि काका दर रविवारी बोनट उघडून आत पाहतात. मित्रांनो, मी छोटा आहे, पण माझं एक ऐका. कोणी कधीमधीच 'दुखतं' म्हणालं, तर त्याला खोटारडा म्हणू नका. तुमच्यासमोर त्याचं दुखणं दिसत नसेल, तर ते जिथे दुखतं तिथे जाऊन पाहा. माझ्यासाठी एक माणूस भल्या सकाळी थंडीत आला आणि एका काकींनी माझं पेटणं-विझणं मनात ठेवलं. त्या दोघांचे उपकार मी कसे फेडू?

बारावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी चांगलंच दव पडलं होतं. खुशी मागे बसली होती, तिच्या हातात पॅड होतं आणि ओठ पुटपुटत होते. काकांनी किल्ली फिरवली. काकी माझ्याकडे वाकल्या. मी पेटलो, आणि विझलो.

"हजर हाय," काका म्हणाले, आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मग धनीकाकींनी पर्समधून एक नवी टिकली काढली, हात लांब करून ती माझ्याजवळ आणली आणि चिकटवली. या वेळी माझ्यावर नाही. माझ्या थोडी वर, कपाळावर लावतात तशी.