तिसऱ्या खुंटीवरचा कप

तिसऱ्या खुंटीवरून बोलतोय मी. तपकिरी रंगाचा, जाडजूड, डावीकडे जरासा कललेला कप. माझा कान इतका मोठा आहे की शेजारचे कप मला हसतात. हसेनात का. त्यांना दुकानातून आणलंय, मला मात्र नेटीनं स्वतःच्या हातांनी घडवलंय.

नेटी म्हणजे ऑरेस्टची बायको. एका उन्हाळ्यात शाळेच्या तळघरात मातीकामाचा वर्ग निघाला, तिथं तिनं दोन कप केले. ऑरेस्टची बोटं जाड, म्हणून कानात त्याची चारही बोटं मावतील अशा बेतानं तिनं मला केलं. दुसरा कप तिनं स्वतःसाठी केला. तो निळा, नाजूक, सरळ. भट्टीतून आम्ही बरोबरच बाहेर आलो आणि वर्गातल्या सगळ्या बायका त्याच्याकडेच धावल्या. तेव्हापासून मी त्याला पाण्यात पाहतो. स्वभावच आहे माझा, लपवून काय करू?

आम्ही राहतो वेंडाच्या हॉटेलात. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या सपाट माळावरचं हजार-बाराशे वस्तीचं गाव, मधून जाणारा हमरस्ता आणि रस्त्याला लागून हे हॉटेल. भिंतीला लाकडी फळी आहे, फळीला खुंट्या आहेत आणि रोजच्या प्रत्येक गिऱ्हाइकाची खुंटी ठरलेली आहे. सकाळी सातला म्हाताऱ्यांचा कट्टा जमतो. ज्यानं त्यानं आपला कप काढायचा, वेंडानं तो भरायचा आणि नऊपर्यंत हवामानापासून एकमेकांच्या गुडघ्यांपर्यंत सगळ्यांवर बोलायचं. कुणी वारलं तर त्याचा कप काढून टाकत नाहीत. तो खुंटीवरच राहतो, फक्त त्याचा कान भिंतीकडे वळवतात.

ऑरेस्टनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. अर्धं गाव त्याच्या बसमधून शाळेत गेलंय, वेंडासुद्धा. त्याच्या बसचा एकच नियम होता, मागच्या बाकावर एकट्यानं बसायचं नाही. एखादं पोर रुसून मागं जाऊन बसलं, की तो बस जागची हलवायचा नाही. पोर मुकाट्यानं पुढं येऊन त्याच्या पाठीमागच्या बाकावर बसायचं, तेव्हा कुठं बस सुटायची. ही गोष्ट कट्ट्यावर मी शंभरदा ऐकली आहे, आणि दर वेळी त्याची चार बोटं माझ्या कानात असायची.

मागच्या ऑगस्टमध्ये नेटी गेली. वेंडानं निळ्या कपाचा कान भिंतीकडे वळवला. खोटं कशाला बोलू, मला आतून जरा बरंच वाटलं. आता ऑरेस्ट एकट्या माझा, असं मनात आलं. त्या विचाराची आज लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली.

सप्टेंबरात हमरस्त्यापलीकडे एक नवं दुकान निघालं. गाडीतून उतरायचंसुद्धा नाही. खिडकीशी गाडी लावायची, हात बाहेर काढायचा, की कागदी पेल्यात कॉफी मिळते. एका सकाळी ऑरेस्टची लाल पिकअप गाडी आमच्या दारी न थांबता तिकडे वळली. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा म्हणाला, काल जरा घाईत होतो. निवृत्त माणसाला कसली आलीय घाई? त्याच आठवड्यात तो आणखी दोनदा घाईत होता. ऑक्टोबरपासून तो आमच्याकडे फिरकलाच नाही.

माझी खुंटी खिडकीलगत आहे, त्यामुळे मला सगळं दिसायचं. तो कॉफी घ्यायचा आणि दुकानाच्या बाजूच्या भिंतीलगत गाडी लावून तासन् तास बसायचा. इंजिन चालूच. बाहेर अजून उजाडलेलं नसायचं आणि त्याच्या तोंडावर फोनचा निळसर उजेड पडलेला असायचा. अंगठा वर सरकायचा, पुन्हा वर सरकायचा. चेहरा मात्र तसाच. मधूनच तो कागदी पेला ओठांना लावायचा, आणि इथं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कानामागून आला आणि तिखट झाला, तसला तो पेला. ना कान, ना वजन, ना आगापिछा. एकदा प्यायचं आणि फेकून द्यायचं. सवतीमत्सर फक्त बायकांना असतो म्हणणाऱ्यानं एकदा माझ्या खुंटीवर टांगून घ्यावं. मी मनात म्हणायचो, नव्याचे नऊ दिवस, येईल परत. नऊ दिवस गेले, नऊ आठवडे गेले. माझ्या तळाशी धूळ साचली.

कट्ट्यावर कुणालाच पत्ता नव्हता. त्यांची पाठ खिडकीकडे, आणि थंडीत काचेवर बर्फाची नक्षी चढलेली; माझ्यासमोरचा वरचा कोपरा तेवढा मोकळा. शिवाय दर हिवाळ्यात ऑरेस्ट आणि नेटी राहायचा ट्रेलर गाडीला जोडून ॲरिझोनाला जायचे. गावातली निम्मी म्हातारी जातात. ग्लेन म्हणून त्याचा जुना दोस्त आहे. गावाबाहेर ऑरेस्टच्या घरावरून जाताना ग्लेनला अंगणातला ट्रेलर दिसला नाही. त्यानं येऊन सांगितलं, गेला लेकाचा उन्हाला, आपल्याला टाटासुद्धा न करता. सगळे हसले. मग रोजच कुणीतरी म्हणायचं, आत्ता ऑरेस्ट संत्री सोलत बसला असेल.

मला खरं माहीत होतं, पण मला तोंड असूनही बोलता येत नाही. आणि बोलता आलं असतं, तरी मी काय बोललो असतो? ‘त्याला सांभाळा’ नसतो म्हणालो. ‘बघा, त्यानं मला टाकलं’ असंच म्हणालो असतो.

जानेवारीत वेंडानं खुंट्यांची साफसफाई काढली. मला खाली घेतलं, फुंकर मारली आणि पुसता पुसता खिडकीशी आली. काचेवरचं बर्फ नखानं खरवडून तिनं सहज बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे लाल गाडी उभी होती. फडकं हातातच राहिलं.

“ग्लेन, ऑरेस्टचा ट्रेलर नव्हता म्हणालास ना तू? आणि गाडी?”

अंगणात गाडी आहे की नाही, ते ग्लेननं पाहिलंच नव्हतं.

वेंडानं मला काठोकाठ भरलं, कोट चढवला आणि बाहेर पडली. बाहेर उणे चौतीस. रस्ता ओलांडेपर्यंत माझ्या अंगात काहीतरी कुरकुरलं. तिनं गाडीची काच ठोठावली. काच खाली आली. आतला माणूस मी ओळखलाच नसता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

“यंदा ॲरिझोनात थंडी फारच दिसतेय,” वेंडा म्हणाली आणि पलीकडून आत येऊन बसली.

रेडिओवर दोन माणसं कशावरून तरी तावातावानं भांडत होती. तिनं तो बंद करून मला त्याच्या हातात दिलं. त्यानं सवयीनं मला पेला ठेवायच्या खाचेत बसवायला पाहिलं. माझा कान आडवा आला. जन्मात पहिल्यांदा मला त्या कानाचा गर्व वाटला. शेवटी त्याला मला दोन्ही हातांनी धरावं लागलं, आणि त्यासाठी फोन खाली ठेवावा लागला.

“ट्रेलर विकला मी,” तो म्हणाला. “तिच्याशिवाय तिकडे जाऊन काय करू?”

“तर इकडे यायचं होतं.”

“तो निळा कप दिसतो गं. भिंतीकडे तोंड करून बसलेला. वाटतं, तीच माझ्याकडे पाठ फिरवून बसलीय.” त्यानं मला हातांत जरा फिरवलं. “इथं बरं असतं. रडलं तरी कागदाला काय कळतंय?”

तेव्हा मी खाली पाहिलं. त्याच्या पायाशी पंधरावीस कागदी पेले चुरगाळून पडले होते. प्रत्येकाची कड चावून चोथा झालेली. मला वाटायचं, पेल्यानं त्याला पळवलं. प्रत्यक्षात पेल्यानं फक्त सोबत केली होती, आणि तीही जेमतेम. पण बारा वर्षं मला रोज हातात धरणारा हा माणूस माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता. तो त्या पेल्यांसमोर रडला. माझा जीव जळाला तो यावरच.

“मागच्या बाकावर एकट्यानं बसायचं नाही,” वेंडा म्हणाली. “कुणाचा नियम होता हो?”

त्यानं माझ्यातला एक घोट घेतला. मग त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद झालं.

आम्ही आत आलो तेव्हा ग्लेनचे कान लाल झाले होते. त्यानं खुर्ची सरकवली आणि एवढंच म्हणाला, “उन्हानं रापला नाहीस रे फारसा.” ऑरेस्ट बसला नाही. तो सरळ फळीपाशी गेला आणि निळ्या कपाचा कान त्यानं भिंतीकडून आमच्याकडे वळवला. गावाच्या रिवाजात असं बसत नाही. पण वेंडानं तो तसाच राहू दिला.

एका कपभर कॉफीनं माणूस बरा होतो, असं मी म्हणणार नाही. अजूनही एखाद्या सकाळी लाल गाडी तिकडे वळते. मग ग्लेन शिव्या घालत रस्ता ओलांडतो आणि काच ठोठावतो. त्या दिवशीच्या थंडीनं माझ्या कडेपासून कानापर्यंत तडा गेलाय. वेंडा म्हणते, अजून फार तर एक हिवाळा निघेल. म्हणून जाता जाता एवढंच मागतो. तुमच्याकडे कुणाचा कप धूळ खात असेल, तर तो माणूस उन्हाला गेला असेल असं म्हणून हसू नका. काच खरवडून बाहेर बघा.

गेल्या सोमवारी त्यानं मला खुंटीवरच ठेवलं आणि वेंडाला निळा कप भरायला सांगितलं. त्याचा कान लहान, ऑरेस्टची दोनच बोटं मावली. तो पीत होता आणि त्याचे डोळे वाहत होते, कट्ट्यावर सगळ्यांच्या देखत. मी तिसऱ्या खुंटीवरून बघत होतो. जळलो, खूप जळलो. पण तो आत बसला होता.