मुठीचा दाखला

तुम्ही मोडलंत तिला. संधिवाताचं नाव पुढे करू नका. संधिवात निदान समोरून आला होता, पेरापेरावर पाय देत, आल्याची वर्दी देत. तुम्ही आलात हसत.

माघातली सकाळ होती. सातपुड्याच्या नीलधूसर उतारांवरून शिशिरक्षीण ऊन पाझरत पाझरत मैदानावर आलं. दवभिजल्या गवतावरून केशराचा हात फिरला. सागाच्या पानगळल्या फांद्यांनी आभाळावर बारीक रेघा ओढल्या. दूर ओळीनं लक्ष्यं उभी होती, पिवळ्या पोटाची, लाल-निळ्या वलयांची, स्तब्ध, सूर्यमुखी. आणि अलीकडे, चुन्याच्या रेघेवर, सुगंती भिलावेकर उभी होती. वय बावन्न. अर्घ्य द्यावं तसे दोन्ही पंजे उन्हाकडे धरून.

जिल्ह्याचा तिरंदाजी संघ आज निवडायचा होता. पन्नाशीपुढच्या बायकांत जागा एकच. मिळाली, तर सुगंती राज्याच्या मैदानावर उभी राहणार होती. हुकली, तर धनुष्य खुंटीला, कायमचं. पुढच्या वर्षाची हमी बोटं देत नव्हती.

काय हात होते तिचे! वेळूसारखे ताठ, वेळूसारखे लवचीक. सव्वीस वर्षं त्या हातांत बांबूचं धनुष्य होतं, आणि सव्वीस वर्षं त्या बांबूला वाटत होतं की आपण अजून बेटातच आहोत, वारा येतोय, वाकतोय, उठतोय. प्रत्यंचा गालाला टेकायची. श्वास थांबायचा. तीन बोटं उमलायची, अशी अलगद की फुलालाही आपण कधी उमललो ते कळू नये. मग दोरीचा तो गुणगुणता, सुवर्णस्पर्शी स्वर. आणि दूर, पिवळ्यात, टप्प.

मग पेरं सुजली. तीन बोटांची तीन कुलुपं झाली. रोज सकाळी निर्गुडीचा पाला उकळून त्या हिरव्या कडवट वाफेत ती हात धरायची, तेव्हा कुठे नवाच्या सुमाराला कुलुपं किलकिली व्हायची. दोरी ओढली की कळ कोपरापर्यंत वीज होऊन जायची.

पण ती बोलली नाही. तिरंदाजांत कोणी बोलतच नाही. रेघेवर यायचं तर दुखणं घरी ठेवून यायचं, ही तिथली रीत. कप निसटला तर ती म्हणायची, ओला होता. बाण ढळला तर म्हणायची, वारा होता. सगळं पाणी आणि सगळा वारा तिनं असा आपल्या बोटांवर पांघरला.

गप्प होती, स्वस्थ नव्हती. काचेच्या तुकड्यानं तिनं धनुष्याचं पोट खरवडलं, रोज थोडं, रोज थोडं. मांडीवर पिवळा भुसा पडत गेला, सोललेल्या उन्हासारखा, आणि धनुष्य हलकं झालं. मूठ आवळत नव्हती, म्हणून मुठीच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळली, जाड, काळी, उबदार. आता नुसता पंजा टेकला तरी पुरे. राहिली दोरी. दोरीसाठी ती बसस्टँडजवळ चपला शिवणाऱ्या नीळकंठकडे गेली.

"मनगटाले पट्टा, अन् पट्ट्याले वीतभर चामड्याची वाधी," तिनं सांगितलं. "वाधीचा दोरीले वळसा द्याचा, टोक अंगठ्याखाली दाबाचं. वढाचं काम मनगटाचं, सोडाचं काम अंगठ्याचं. बोटांले सुट्टी."

"बाई, हे तं म्हशीचं दावं झालं वं!"

"होऊ दे दादा. दूध मांगू नको मंजे झालं."

नीळकंठ हसला. पण त्यानं तिला तीन दिवस बोलावलं, तीनदा मनगट मोजलं. कारण सुजेच्या लहरीनं ते रोज निराळं भरत होतं.

आणि एका दुपारी, गावाबाहेरच्या पडीक रानात, तिनं वाधी दोरीला लावली. ओढलं. वीज चमकली नाही. अंगठा सैल केला. दीड वर्षानं तो स्वर तिच्या कानाशी गुणगुणला, तोच, सुवर्णस्पर्शी, जुना. आणि तिनं लगेच पुन्हा दोरी ओढली.

तिथून ती थेट तुमच्याकडे आली. तुम्ही संघटनेचे सचिव. वाधी तुम्ही बोटाला गुंडाळून पाहिलीत. म्हणालात, "वा ताई, काय डोकं आहे तुमचं!" म्हणालात, "फक्त डॉक्टरचा दाखला आणा. हात चालत नाही, असं ठाम लिहून आणा, गुळमुळीत नको. मग वाधी चालेल. माझा शब्द."

तुमचा शब्द तिनं पदरात बांधून नेला.

"मूठ वळते का?" डॉक्टरांनी विचारलं. सव्वीस वर्षांची सवय जिभेवर आली: वळते. तिनं ती गिळली. "नाई वळत," ती म्हणाली, आणि बोटं टेबलावर ठेवली, गाठाळ, लाजरी, उघडी. डॉक्टर लिहीत राहिले. खरं बोलून माणसाला इतकं हलकं वाटतं, हे तिला बावन्नाव्या वर्षी कळलं.

तर ती सकाळ. सरावाचे तीन बाण सुटले. एक लालात, दोन पिवळ्यात.

"वं सुगंते," शेजारून लीलाबाई धांडे ओरडली, "आमच्यासाठी ठेव ना थोडी जागा तिथं!"

सुगंती हसली. त्याच क्षणी भोंग्यातून तिचं नाव आलं. टेबलाशी ती पोचली, तरी तुम्ही माइक चालूच ठेवला होतात, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा दाखला वाचलात. मूठ वळत नाही. पकड नाही.

"ताई, अशा हातात धनुष्य? उद्या बाण कोणाला लागला तर? पकड नसलेल्याला रेघेवर उभं करता येत नाही."

"पकड नाई म्हणून तं वाधी हाय, साहेब."

"वाधीला आमची हरकतच नाही."

"मंग?"

"हाताला आहे."

वारा पडला. सागाचं एक उरलंसुरलं पान फांदीवरच थांबलं.

"कागद तुमीच मांगला," ती म्हणाली.

"मागितला ना. म्हणून तर कळलं." तुम्ही दाखल्यावर 'अपात्र' असा शिक्का मारलात, खाली सही केलीत.

लीलाबाई मागे येऊन तिच्या कानाशी फिसकारली, "काऊन सांगतलं वं खरं? माह्या खांद्यात दोन वर्सापासून कळ हाय. बोलली का मी?"

शिटी वाजली. बाण उडाले, थव्यानं, झळाळत, शीळ घालत, आणि लक्ष्यालक्ष्यावर पिसारे फुटले. फक्त सातवं, सुगंतीचं, लक्ष्य कोरं राहिलं. स्वच्छ. पिवळं. विधवेच्या अंगणासारखं निर्मनुष्य.

सुगंती टेबलापासून हलली नाही. तिनं आपला उजवा पंजा दाखल्यावर ठेवला. बोटं सरळ होईनात. तुमच्या शिक्क्यावर, तुमच्या सहीवर, पाच वाकड्या सावल्या पडल्या.

"साहेब, दुखत नाई म्हटलं असतं, तं वाधी नाई. दुखते म्हटलं, तं धनुष्य नाई. मंग मी काय म्हणाले पायजे होतं? तेवढं सांगा."

तुम्ही कागद ओढलात. पकड नसलेल्या त्या हाताखालून तो निघाला नाही.

ऊन चढलं. दव सुकलं. पुन्हा शिटी झाली, पुन्हा बाण सुटले, पुन्हा पिसारे फुटले, आणि ती उभी, दोन सागांमधल्या तिसऱ्या सागासारखी उभी, तुमच्या तोंडाकडे बघत उभी.

काय म्हणायला पाहिजे होतं तिनं? बोला. माइक चालू आहे.