मागे गेलेला हात

मी सायकल बोलतेय. हळूच बोलतेय, कारण जिन्याखालच्या या जागेत जरा मोठ्यानं बोललं की आवाज घुमतो आणि मीच दचकते. मी जात्याच घाबरट. मागून हॉर्न वाजला, कुत्रं भुंकलं, चाक खड्ड्यात गेलं, की माझी घंटा कुणी हात न लावता वाजते. दुकानात उभी होते तेव्हाही दार आपटलं की वाजायची. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, हिची घंटा सैल आहे. सैल नाही हो. स्वभाव आहे तो.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. आकड्याला टांगून मला निळ्या रंगाच्या फवाऱ्यातून नेलं, तेव्हा पहिल्यांदा दचकले. मग मला घेतलं एका पोट सुटलेल्या गृहस्थांनी. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. आठवडाभर ते मोठ्या हौसेनं बसले. पुढे मी गॅलरीत गेले, हँडलवर टॉवेल, दांडीवर मोजे, सीटवर कांद्यांची परडी. आपण सायकल आहोत हे मीसुद्धा विसरत चालले होते. त्यांनी घर बदललं तेव्हा धाकट्या भावाला म्हणाले, घेऊन जा, तुझ्या बायकोला भाजी आणायला होईल.

ती बायको म्हणजे माझी आताची मालकीण. तिला मी नुसतं ‘ती’ म्हणते.

तिची दोन मुलं. मोठी मुलगी पहिलीत, पण घरादाराला शिस्त लावते म्हणून तिला सगळे आजीबाई म्हणतात. धाकटा अजून मोजकेच शब्द बोलणारा, गोल गरगरीत. तो भोपळा. त्याच्यासाठी माझ्या कॅरियरवर पट्ट्याची छोटी सीट बसवली. रोज सकाळी भोपळ्याला पाळणाघरात सोडायचं आणि मला तिथेच उभं करून तिनं शेजारच्या, रक्त तपासायच्या लॅबमध्ये जायचं, हा आमचा रस्ता. लॅबमध्ये ती दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधते, सुई टोचते आणि म्हणते, “झालं हं.”

चालवता चालवता तिचा डावा हात मध्येच मागे जायचा आणि भोपळ्याची पोटरी चाचपून परत यायचा. बघायची नाही, बोलायची नाही. पोर जागच्या जागी आहे ना, एवढंच. भोपळा जागा असला तर लाथ मारायचा, झोपला असला तर पाय लुळा लागायचा. दोन्ही चालायचं.

हे हात मला चांगले ओळखीचे. भोपळा झाल्यापासून त्यांतून काहीतरी निघून गेलं होतं. हँडल धरलेलं असायचं, पण पकड नसायची. ऊन असो, गारठा असो, बोटं तशीच. नवरा विचारायचा, “काय होतंय तुला?” ती म्हणायची, “काही नाही.” आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच काही होत नव्हतं. आजीबाईनं शाळेत बक्षीस मिळवलं तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या, पण पाहुण्यासारख्या.

आजीबाईच्या पोहण्याच्या वर्गाबाहेर मी कुंपणाला टेकून उभी असायचे. एकदा पोहायला शिकवणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, रोज बाकावर बसून कंटाळत नाही का, त्यापेक्षा पाण्यात उतरा. ती उतरली. ‘नको’ म्हणायलाही काहीतरी वाटावं लागतं. तिथल्याच भिंतीवर ट्रायथलॉनची जाहिरात होती. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकल हाणायची, ती ठेवून पळायचं, सगळं एका दमात. तिनं नाव दिलं.

घरात हे कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, एवढं कोण मागे लागलंय हिच्या? नवऱ्यानं मात्र माझ्या चाकात हवा भरता भरता सरळच विचारलं, कशासाठी गं?

तिनं माझ्या ब्रेकची तार बोटानं ताणून बघितली.

“चहा अर्धा राहतो. आंघोळ अर्धी राहते. आईशी फोनवर बोलणं अर्धं राहतं. मला एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत करायचीय. कुठलीही.”

हवा जरा जास्तच भरली त्यानं, मला दोन दिवस छाती फुगवून चालावं लागलं.

सराव काय, वेळ मिळेल तसा. रविवारी सकाळी सासूबाई मुलांना धरायच्या आणि ती पळायला जायची. जा बाई, हा रडायच्या आत जा, असं म्हणून दार लावून घ्यायच्या. सायकलचा सराव रोजच्याच रस्त्यावर, भोपळ्यासकट. पाळणाघराचा चढ ती मुद्दाम उठून चढवायची आणि मागून भोपळा ‘हो हो हो’ करायचा. त्याच्याशिवाय ती माझ्यावर एकदाही बसली नाही. हे लक्षात ठेवा.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यानं पाना घेऊन भोपळ्याची सीट काढली. ओझं कमी, म्हणाला. मला एकदम उघडं उघडं वाटायला लागलं. सीट फरशीवर ठेवली, तर भोपळा जाऊन तिच्यात बसला आणि कुणीतरी आपल्याला घेऊन निघेल म्हणून वाट बघत राहिला.

तलावाकाठी लोखंडी दांड्यांवर आम्हा सायकलींना रांगेनं अडकवलं होतं. बाकीच्या दोन बोटांनी उचलाव्यात अशा हलक्या, काळ्याभोर, अबोल. मला मडगार्ड, स्टँड, घंटा, आणि मागे सीटच्या पकडीनं रंग गेलेले दोन पांढरे चट्टे. सुरुवातीची शिट्टी झाली आणि माझी घंटा वाजली. शेजारची माझ्यापासून जरा लांब सरकली असं मला वाटलं.

ती पाण्यातून आली ती बऱ्याच उशिरा, निळ्या ओठांची. चेहरा लॅबमध्ये असतो तसाच. कुंपणापलीकडून आजीबाई ओरडत होती, आई, हेल्मेट आधी, हेल्मेट आधी. बाबांच्या कडेवरून भोपळा हात पसरत होता. तिनं त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि मला काढलं.

रस्ता मोकळा होता. ती पायडल मारत होती, मी पळत होते. दोघींनाही काही वाटत नव्हतं म्हटलं तरी चालेल. चढ आला, ती उठून उभी राहिली. मागून ‘हो हो हो’ आलं नाही. चढ संपला, उतार लागला आणि मला एक खड्डा चुकवता आला नाही. घंटा वाजली. सवयीनं तिचा डावा हात मागे गेला.

तिथे काही नव्हतं.

तिनं दोन्ही ब्रेक असे दाबले की मी आडवीच झाले. चेन उतरली. ती मला टाकून रस्त्यावरून उलटी पळत सुटली. “भोपळ्या! भोपळ्या!” तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मागून येणारा एक गृहस्थ घाबरून थांबला आणि काय पडलं म्हणून विचारू लागला.

“मुलगा,” ती म्हणाली.

तो पांढराफटक पडला. सायकल टाकून तोही झुडपांत वाकून बघायला लागला. तेव्हा ती थबकली. तिनं माझ्याकडे बघितलं, मागच्या पांढऱ्या चट्ट्यांकडे बघितलं.

“नाही. तो तिथे आहे. त्याच्या वडिलांकडे आहे. आज आणलाच नाही मी त्याला.”

त्या गृहस्थानं तिला पाणी दिलं, स्वतःही प्यायला, आणि आपली सायकल उचलून निघून गेला. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तिचा डावा हात पुन्हा मागे गेला आणि रिकामाच परत आला. मी पडल्या पडल्या बघत होते. एकेक जण पुढे निघून गेला. शेवटी राहिलेल्यांना गोळा करणारी गाडी आली. चालवणारा मुळीच रागावला नाही. म्हणाला, ताई, बसा, सायकल मागे टाकू, होतं असं कधी कधी.

गाडीचं दार उघडं होतं. ती उठली. मला वाटलं, झालं, हेही अर्धंच.

“नको,” ती म्हणाली. “एवढं एक पुरं करते.”

तिनं मला उभं केलं आणि चेन हातानं ओढून दातांवर चढवली. ती दोनदा हुकली. तळवे काळेकुट्ट झाले. मग तिनं हँडल धरलं, आणि काय सांगू, मला दुखलं. एवढी घट्ट पकड होती.

तिचं पळणं मी पाहिलेलं नाही. मी दांडीवर लटकले होते. मालक येत होते, आपापली सायकल काढून हसत नेत होते. रांग रिकामी झाली. कुणीतरी शर्यत संपते तिथली कमान उतरवायला लागलं. तेवढ्यात आजीबाईचा आवाज आला, अहो थांबा, माझी आई यायचीय अजून. काम करणाऱ्यांनी दोर हातात धरून ठेवला. मग थोड्याशाच टाळ्या वाजल्या. मी घंटा वाजवायचा प्रयत्न केला, पण कुणी दचकवल्याशिवाय ती वाजत नाही.

सगळे मला न्यायला आले तेव्हा ती पाय ओढत चालत होती. आजीबाई तिला विचारत होती, पहिली नाही ना आलीस, मग कितवी? शेवटची, ती म्हणाली. आजीबाईनं विचार करून सांगितलं की चालेल, पण पुढच्या वेळी मध्ये थांबायचं नाही. गळ्यातलं पदक भोपळ्यानं तोंडात घातलं होतं. तिनं त्याची पोटरी मुठीत धरली ती सोडेचना. काळ्या बोटांचे ठसे त्याच्या पांढऱ्या मोज्यावर उमटले.

नवऱ्यानं माझं हँडल धरलं आणि नेहमीसारखं विचारलं, “काय होतंय?”

“पाय दुखतायत,” ती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, “खूप दुखतायत रे.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. ती शहारली, कारण वारा सुटला होता आणि तिचे कपडे घामानं ओले होते. तो गारठा तिलाही कळला होता.

याला बरेच महिने झाले. भोपळ्याची सीट परत माझ्या पाठीवर आहे. चहा अजून अर्धाच राहतो, आणि कधी कधी हँडलवरची पकड पुन्हा सैल लागते. मग मी एखादा खड्डा चुकवत नाही. तो मोजा धुतला तरी डाग गेले नाहीत, दोरीवर वाळत असतो तेव्हा मला दिसतो.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच. रस्त्यात तुमच्या पुढे कुणी बाई सायकलवरून एक हात मागे नेताना दिसली, तर हॉर्न वाजवू नका. तिला चाचपून घेऊ द्या. आणि मीही दचकते हो.