पंख्याची रेघ

मी एक जुना मदरबोर्ड आहे, असं फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या या घरात सगळे म्हणतात. मित्रांनो, कॉम्प्युटरच्या पेटीत सगळे भाग ज्या पाटीवर बसवलेले असतात, ती पाटी म्हणजे मी. कारखान्यातच मला पंख्यांची शिस्त लावून दिली होती. ताप वाढला की पंखा जोरात, उतरला की हळू. खोक्यात माझ्यासोबत एक चकतीही आली होती, कंपनीने फुकट दिलेल्या प्रोग्रामांची. जोवेलिनने त्यातले आवाजाचे आणि इंटरनेटचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्राम, तेवढे घेतले आणि चकती खणात टाकली. दोन वर्षं आमचं छान चाललं होतं.

जोवेलिन पाच जणांच्या संघातून खेळायची. शनिवारी दुपारी अंतिम सामना होता, आपापल्या घरूनच खेळायचा. तिला वाढवणाऱ्या मावशीला, टिटा नेनितांना, तिने शब्द दिला होता, "हरले तर खेळ बंद. तुझ्याबरोबर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायला बसेन." त्या आठवड्यात माझ्या जिवाला घोर लागला होता.

शुक्रवारी संघनायक रानेल आला. जोवेलिन त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणायची.

"अगं, चकती अजून खणातच? मशीनमध्ये टाक सगळं. दिवे रंग बदलतील, वेग वाढेल. फुकटचं तर आहे!"

"नको रे कुया. चाललंय ते बरं आहे."

"भित्री भागूबाई!"

टोमणा लागला. तिने चकतीवरचं सगळं माझ्यात भरलं. मित्रांनो, एका पाहुण्याला बोलवावं आणि सात जण वळकट्या घेऊन यावेत, तसं झालं. एक दिवे लावी, एक सारखी नव्या आवृत्तीची आठवण करी, एक कशाला आला होता ते मला आजही ठाऊक नाही. त्यांतल्या थोरल्याने पंख्यांचा कारभार माझ्या हातून काढून घेतला. कॉम्प्युटर चालू झाला की तो पंख्याचं चित्र आणि त्याच्या वेगाची रेघ पडद्यावर मांडून बसे; रेघ खाली ओढली की पंखा मंद. मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

शनिवारी सराव संपवून जोवेलिन जेवायला उठली. खोलीत टिटा इस्त्री करत होत्या. वर पत्रा तापलेला, आत माझा पंखा घोंघावत होता. इस्त्रीनंतर टिटा तासभर हातांना पाणी लावत नाहीत. तापलेल्या अंगाला गारवा लागला की पास्मा होतो, हात थरथरतात, अशी त्यांची पक्की समजूत. पडद्यावरचा पंखा त्यांना दिसला.

"एवढं तापलंय बिचारं, आणि त्यावर असला वारा? पास्मा होईल ना रे तुला!"

त्यांनी माउसने पंख्याची रेघ तळाशी ओढली. मायेनेच ओढली. मी मनात आकांत करत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

सामना सुरू झाला. ताप ऐंशीवर गेला, मग नव्वदवर. पडद्यावरची चित्रं अडखळू लागली.

"जोवी, कुठे आहेस? मागे ये!" हेडफोनमधून रानेल ओरडला.

"येतेय रे! सरकतच नाहीये!"

माझी भीती स्वतःसाठी नव्हती. मी थांबलो तर तिचा खेळ कायमचा थांबणार होता. पण ताप शंभरावर गेला आणि प्रोसेसर जळू नये म्हणून मला सगळं बंद करावंच लागलं. पुन्हा जागा झालो तोवर संघ हरला होता.

जोवेलिनला तळाला गेलेली रेघ दिसली. टिटा घाबरून जवळ आल्या.

"काय झालं गं? मी तर वारा कमी केला होता. तरी त्याला पास्मा झालाच का?"

जोवेलिनने रेघ पुन्हा वर ओढली. मग तिने डोळे पुसले.

"तुझं काही नाही गं टिटा. मशीनच जुनं झालंय."

"मग हरलं ते मशीन! तू कुठे हरलीस? इस्त्री काही पळून जात नाही. पुढच्या वर्षी खेळ."

त्याच संध्याकाळी जोवेलिनने सातही पाहुण्यांना घालवलं आणि पंखे पुन्हा माझ्या हाती आले. मित्रांनो, फुकट मिळालं म्हणून सगळंच आत घेऊ नका. येणाऱ्याला आधी विचारा, तू काम काय करणार? आणि जो आपलं काम नीट करतो आहे, त्याच्या हातून ते काढून घेऊ नका.

हल्ली टिटा रोज माझ्या पेटीवरची धूळ पुसतात आणि म्हणतात, "वय झालं बिचाऱ्याचं." मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होतो. पण हे त्यांना कधीही सांगू नका.