धाकटीची धार

लाँच दुसऱ्यांदा वाळूत रुतली तेव्हा मामंजींनी नदीलाच शिव्या घातल्या. पुढच्या टोकाला त्यांची धाकटी सून बांबू घेऊन उभी होती. पाण्याची खोली मोजायचं काम तिचं, आणि ‘गुडघा, गुडघा’ म्हणून ती मघापासून घसा फोडत होती. पण सुकाणूवरच्या माणसाने ऐकायचंच नाही म्हटलं, तर बांबू काय करणार, कपाळ?

या धक्क्यावर नदीसाठी दोन शब्द होते. दोन काठांमधलं सगळं ते पात्र, मग त्यात पाणी असो की नुसती वाळू. आणि पात्रातून लाँच जाईल एवढी खोल वाट ती धार. दर पुरानंतर धार जागा बदलायची. जो ती शोधून पहिली लाँच पार नेईल, त्याचं नाव पुढच्या पुरापर्यंत तिला लागायचं. कैक वर्षं ते नाव मामंजींचंच होतं. लग्न होऊन आल्यावर धाकटी एकदा अख्ख्या नदीलाच धार म्हणाली, तर सगळा धक्का खो खो हसला होता आणि मामंजी सगळ्यात मोठ्याने. ते हसू तिला अजून टोचायचं. त्या शब्दाला एकदा तरी आपलं नाव लागावं, असं तिला तेव्हापासून वाटे. पण बोलायची सोय नव्हती.

इंजिनाशी झटणाऱ्या नवऱ्याने खालूनच सांगितलं, की आणखी एकदा रुतली तर पाण्यातला पंखा मोडेल आणि यंदाचं फेरीचं काम वरच्या धक्क्यावाल्यांकडे जाईल. तरी मामंजींनी सुकाणू वळवलं ते पैलतीरावरच्या वीटभट्टीच्या धुराड्याकडेच. गेल्या वर्षी धार तिथे होती ना! धाकटीला मात्र दिसत होतं, की तिकडे पाणी खळखळतंय म्हणजे खाली वाळू आहे. मधोमध ते काळसर नि संथ होतं.

ती बांबू घेऊन मागे आली.

“मामंजी, सुकाणू माझ्याकडे द्या.”

“आणि रुतली तर?”

“तर जन्मभर हसा मला.”

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, तिच्या हातातला बांबू घेतला आणि पुढे जाऊन उभा राहिला.

नवऱ्याने लाँच मागे घेऊन वाळूतून सोडवली. धाकटीने ती मधोमध वळवली. “कंबर,” मामंजी ओरडले. तळपायाखाली लाँच जड झाली, पण धाकटीने सुकाणू हलवलं नाही. “छाती.” लाँच हलकी झाली. मग मामंजी खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून बांबू खुपसत होते.

“तळ नाही,” ते म्हणाले. मग वळून पुन्हा, इंजिनाच्या वर आवाज चढवून, “तळ नाही गं धाकटे.”

तिला इतका आनंद झाला, की ओरडावंसं वाटलं. पण समोर काठ येत होता.

पैलतीरावर माणसं ताटकळली होती. कुणीतरी विचारलं, धार सापडली का, आणि यंदाही म्हातारबांचीच ना.

मामंजी ओली बाही पिळत होते. “धाकटीची,” ते म्हणाले. “माझ्या धारेपेक्षा सरळ आहे. बसून घ्या.”

नवरा इंजिनापाशी हसला, माणसं हसली. आणि या खेपेला सगळ्यात मोठ्याने धाकटी हसली. मामंजी बांबू उचलून पुन्हा पुढे जाऊन उभे राहिले.