आठवा ड्रोन

दुपार टळली तरी हरिश्चंद्र परबांची होडी आचऱ्याला परतली नव्हती. सकाळी शांत असलेला समुद्र उत्तरेच्या वाऱ्याने खवळला होता आणि त्यांचा फोन लागत नव्हता.

त्यांची मुलगी दिव्या मालवणच्या किनाऱ्यावर, एका कंपनीच्या शेडमध्ये पडद्यासमोर बसली होती. समुद्रात हरवलेल्यांना ड्रोनने शोधायची चाचणी तिथे चालू होती. पाण्यातला माणूस ओळखायचं काम ड्रोनमधली कृत्रिम बुद्धिमत्ता करी. कोणत्या ड्रोनने कुठे जायचं ते बेंगळुरूतला क्वांटम संगणक ठरवी. वारा, प्रवाह, लाटा यांच्या असंख्य शक्यता तो एकदम तोलत असे. आजवर त्यांनी पाण्यात सोडलेली पिंपंच शोधली होती. आज शोधायचे होते तिचे बाबा.

सहकारी विनीतने आठही ड्रोन सोडले. ते आचऱ्याकडे न जाता दक्षिणेला वळले, तारकर्लीसमोरच्या खोल पाण्याकडे. बाबांची जाळी कायम आचऱ्याच्या खडकांजवळ असत. तिने बेंगळुरूला फोन लावला. शक्यता तिकडेच जास्त आहे, पण का ते एवढ्यात सांगता येणार नाही, असं उत्तर आलं.

तिची आई नर्मदा रिक्षाने येऊन दाराशी उभी राहिली. "दिव्या, बाबा खंय दिसतत काय गो?"

"नाय आये. अजून नाय."

आई दारातूनच समुद्राकडे बघू लागली. ते बघून दिव्याचा धीर सुटला. तिने आठवा ड्रोन बेंगळुरूच्या यंत्राकडून काढून स्वतःच्या ताब्यात घेतला. विनीत तिला नको म्हणत होता. तिने ड्रोन उलटा फिरवून खडकांवर नेला. तिथे नुसता फेस होता. बॅटरी निम्म्यावर आली. तेवढ्यात दक्षिणेला गेलेल्यांपैकी एका ड्रोनला बाबांची उलटी होडी दिसली. आसपास कोणी नव्हतं.

होडी यंत्राने सांगितलेल्या बाजूलाच सापडली होती. दिव्याने आठवा ड्रोन यंत्राला परत दिला. तो तडक दक्षिणेला, मघाशी अर्धवट सोडलेल्या जागी गेला आणि पडद्यावर माणूस दिसला. प्लास्टिकच्या कॅनला मिठी मारलेला. हात हलत होता. विनीतने जागा कळवली आणि गस्तीच्या बोटीने बाबांना जिवंत बाहेर काढलं.

दवाखान्यात बाबा थांबत थांबत बोलले. इंजिन सकाळीच बंद पडलं, प्रवाहाने दक्षिणेला ओढून नेलं, मग लाटेने होडी उलटली.

"एक ड्रोन जवळ इलो होतो," ते म्हणाले. "मगे परत फिरलो. तेव्हा माका वाटला, आता कोण येवचा नाय."

गप्प बसावं असं दिव्याला वाटलं. पण ती म्हणाली, "तो मियाच फिरवलंय, बाबा."

"कित्याक?"

"तुमका सोधूक."

मग त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

आठवड्याने ती कामावर गेली. ड्रोन हाताने चालवायचा रिमोट तिने विनीतकडे सरकवला. त्याने तो घेतला नाही, परत तिच्यापुढे ठेवला. "उद्या यंत्र चुकलं तर कोणालातरी हा उचलावाच लागेल," तो म्हणाला.