गुरूचा रकाना

सोनागिरी कॉलनीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये लीलाताईंनी सुरुचीला नऊ वर्षं गाणं शिकवलं. तंबोरा मात्र रोज त्याच लावून देत. खुंट्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. आज पोरगी युनिव्हर्सिटीच्या प्रवेशासाठी गाण्याचा व्हिडिओ करायला आली होती. ती मोबाइल स्टँडवर बसवत होती, तेवढ्यात लीलाताईंनी तिच्या फॉर्मची प्रिंट उचलली. गुरूच्या रकान्यात पुण्याच्या एका बड्या गवयाचं नाव होतं. त्याच्या शिबिरात ही उणेपुरे दोन दिवस बसली होती.

"मग मी नऊ वर्षं इथे झक मारली का?"

"ताई, सीटा बाराच आहेत," सुरुची मागे न वळता म्हणाली. "तुम्हाला तिथे कोण ओळखतं?"

लीलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लावून ठेवलेला तंबोरा ओढला, खुंट्या पिळून चारही तारा ढिल्या केल्या आणि तो तिच्यापुढे सरकवला.

"घे. ज्याचं नाव लिहिलंस, त्याच्याकडून लावून घे."

सुरुचीनं तंबोरा मांडीवर घेतला, मान कलती केली आणि पहिली खुंटी पिळली.

"शिबिरात त्यांनी आल्या आल्या तंबोरा माझ्या हातात दिला होता," ती म्हणाली. "म्हणाले, लाव. दोन दिवस तेवढंच केलं."

चूक पकडायला लीलाताई कान देऊन बसल्या. एकेक करून चारही तारा लागल्या. खोली सुरानं भरून गेली आणि चूक काही सापडली नाही.

"ताई, जरा सरका," सुरुची म्हणाली. "व्हिडिओत तुम्ही दिसताय."